एलीयाला आधी भाकर मिळाली

पिंपळे सौदागर, पुणे
मंगळवार, रात्री

ती. आई आणि ती. पप्पा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

परवा फोनवर पप्पा म्हणाले, "मोबाइलवर वाचलेलं पवित्र शास्त्र मनात उतरतं का रे?" मी नुसतं "हो" म्हणालो आणि आईच्या गुडघ्याची चौकशी करू लागलो. तुम्ही मनापासून विचारलं होतं आणि मी उत्तर उरकलं, हे मला दोन दिवस टोचत राहिलं. फोनवर हे सगळं जमणार नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आधी जे लपवलं ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात "कामाचा फार ताण आहे" असं मी सांगत होतो, ते अर्धंच खरं होतं. मी आजारी होतो. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. डबा उघडून तसाच बंद करायचो. रविवारी चर्चला जायचे कपडे घालून पलंगावर बसून राहायचो आणि उपासनेची वेळ टळून जायची. डॉक्टरांनी त्याला नैराश्य म्हटलं. गोळ्या सुरू झाल्या, त्यातली एक अजून चालू आहे. महिन्यातून दोनदा समुपदेशक बाईंकडे जातो. आई, घाबरू नकोस. आता झोप लागते, जेवतो, वजनही भरून आलंय. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तू रात्र रात्र जागशील, या भीतीनं गप्प राहिलो.

त्या दिवसांत मी वाचत नव्हतो असं नाही. उलट रोज वाचत होतो. आमच्या वयाच्या बहुतेकांच्या फोनमध्ये यूव्हर्जनचं बायबल अ‍ॅप असतं, २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका चर्चनं काढलेलं. त्यात रोज एक वचन येतं, वाचनाच्या योजना असतात आणि सलग किती दिवस वाचलं याचा आकडा दिसतो. माझे २१० दिवस झाले होते. रात्री पावणेबाराला अंथरुणातून उठून मी फक्त आकडा तुटू नये म्हणून एक अध्याय सरकवायचो. काय वाचलं ते दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही. अ‍ॅप वाईट नाही, बसमध्ये उभ्या उभ्या मराठी पवित्र शास्त्र ऐकता येतं ही केवढी सोय! पण मी त्याची हजेरीवही करून टाकली होती, आणि देव मास्तरासारखा माझी हजेरी घेतोय असं वाटायचं.

वचनंही मी गोळ्यांसारखी घ्यायचो. फिलिप्पैकरांस ४:६ फोनच्या पडद्यावर लावलं होतं, "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका." दिवसातून पन्नासदा ते दिसायचं आणि मी चिंताक्रांतच असायचो. मग काळजीच्या डोक्यावर आणखी एक ओझं बसायचं, की आपण आज्ञाही मोडतोय. त्यात मंडळीतल्या एका मोठ्या माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "विश्वास कमी पडतोय तुझा." त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण त्या रात्री मला जगण्यात काही उरलं नाही असं वाटलं. मी १४४१६ ला फोन लावला. सरकारची टेली-मानस नावाची हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी घाई न करता ऐकून घेतलं आणि डॉक्टरांकडे जा म्हणाल्या. मी गेलो नाही. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास हरला, हे डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्यानंतर ऑफिसातल्या एकानं मला मंगळवारच्या गटात नेलं. मी धरून आम्ही आठजण आहोत. एक परिचारिका, दोघं माझ्यासारखे कॉम्प्युटरवाले, एक बी.एड. करणारी मुलगी, एक रिक्षा चालवणारा, एक जोडपं. एखादा उतारा कागदावर छापून आणतात, त्यात वचनांचे आकडे नाहीत, वरचे मथळेही नाहीत. पप्पा, तुम्हांला हे विचित्र वाटेल. मलाही वाटलं होतं. पण अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात आणि नव्या कराराला आज आहेत तसे वचनांचे आकडे आले १५५१ मध्ये. मूळ ऐकणाऱ्यांसमोर आकडे नव्हतेच. आकडे काढले की एकच वचन उचलून पळता येत नाही, मागचं-पुढचं वाचावंच लागतं. उतारा दोनदा मोठ्यानं वाचतो. मग हातात रंगीत पेन्सिली आणि वीस मिनिटं शांतता. कोण बोलतंय, कुठे, कुठला शब्द परत परत येतो, काय खटकतं, एवढंच शोधायचं. मग त्या काळच्या माणसाला हे ऐकून काय कळलं असेल ते बोलायचं. "मला काय लागू पडतं" हे अगदी शेवटी, आणि तेही सक्तीचं नाही.

माझ्या पहिल्या मंगळवारी उतारा होता जुन्या करारातल्या १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय. तुम्ही मला एलीया संदेष्ट्याची गोष्ट किती वेळा सांगितलीत, कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरला ती. त्याच्या पुढचा अध्याय मी असा कधी वाचलाच नव्हता. एवढा मोठा विजय झाला आणि ईजबेल राणीच्या एका धमकीनं हा माणूस जीव घेऊन पळाला. बैर-शेब्यापर्यंत आला, तिथं आपल्या गड्याला मागे ठेवलं, एकटा रानात दिवसभराची वाट चालला आणि एका झुडपाखाली बसून म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. मग तिथंच झोपला.

परिचारिका ताईनं पेन्सिल ठेवली आणि म्हणाली, "देव याला रागावत का नाही?" आम्ही परत वाचलं. खरंच नाही रागावत. दूत त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो, पाणी पितो आणि परत आडवा होतो. तरी कुणी बोलत नाही. दूत दुसऱ्यांदा येतो, परत खायला लावतो आणि म्हणतो, तुझ्या शक्तीबाहेरचा प्रवास आहे. चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगराला पोचतो, तेव्हा कुठे देव त्याला विचारतो, एलीया, तू इथे काय करतोस? म्हणजे संदेष्ट्याला आधी भाकर मिळाली, झोप मिळाली, कुणाचा तरी हात लागला, आणि प्रश्न त्यानंतर. रिक्षावाल्या दादानं आणखी एक दाखवलं. गड्याला मागे सोडलं तिथंच तो एकटा पडला, आणि अध्यायाच्या शेवटी देव त्याला अलीशा देतो, सोबत देतो.

आई, मी त्या बैठकीत बोललो काहीच नाही. घरी येऊन दोन पोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांची वेळ घेतली. पवित्र शास्त्रानं मला डॉक्टरकडे पाठवलं, हे पप्पांना सांगायचं होतं मला.

तेव्हापासून बरीच वचनं नव्यानं भेटली. यिर्मया २९:११ तुम्हांला पाठ आहे, हिताच्या संकल्पांचं. आमच्याकडे परीक्षा असो, व्हिसा असो, लग्न असो, सगळ्यांच्या स्टेटसवर तेच. यिर्मया संदेष्ट्याचं ते अख्खं पत्र वाचलं तेव्हा कळलं की ते बाबेलमध्ये धरून नेलेल्या लोकांना लिहिलंय, आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं सांगितली आहेत. घरं बांधा, बागा लावा, परक्या शहराचं भलं मागा. ऐकणाऱ्यांतले बरेचजण परतीची वाट बघत तिथंच मरणार होते. हे कळल्यावर ते वचन मला जास्त जवळचं झालं. माझं दुखणं उद्याच बरं व्हायला हवं, हा हट्ट सुटला.

आणि भाषा. मी इंग्रजीतच वाचायला लागलो होतो, तुम्हांला आवडत नव्हतं ते. ४२ वं स्तोत्र इंग्रजीत कैकदा वाचलं असेल, काही झालं नाही. एका मंगळवारी बी.एड.वाल्या मुलीनं मराठीत वाचलं, "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" 'खिन्न' हा शब्द आजीच्या तोंडचा. माझ्या डोळ्यांना धार लागली. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठी पवित्र शास्त्रासाठी शेवटपर्यंत का खपल्या, ते मला त्या दिवशी समजलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि त्यांचं भाषांतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर आलं.

पप्पा, तुम्ही शिक्षक, पुरावा विचाराल. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास छापला. सुमारे पाच हजार मुलांच्या पुढच्या आठ ते चौदा वर्षांचा माग होता त्यात. लहानपणी किंवा किशोरवयात आठवड्याला उपासनेला जाणारी मुलं मोठेपणी जास्त आनंदी असल्याचं सांगण्याची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी अधिक निघाली, रोज प्रार्थना किंवा ध्यान करणाऱ्यांची सुमारे १६ टक्क्यांनी. पण तो अभ्यास उपासना आणि प्रार्थनेचा आहे, शास्त्रवाचनाचा नव्हे, आणि त्यातून अमक्यामुळेच तमकं झालं असं ठामपणे म्हणता येत नाही. वाचणारी मुलं सुखी असतात, असं कुणी व्यासपीठावरून सांगितलं की मला आता भीती वाटते. मी वाचत होतो आणि बुडत होतो.

कसं वाचतो आणि देव कसा आहे असं धरून वाचतो, यानं फार फरक पडतो असं मला वाटतं. पार्गामेंट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये इस्पितळातल्या ५९६ वयस्क रुग्णांवरचं काम छापलं होतं. देवानं आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेम उरलं नाही, असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका जास्त दिसला. समुपदेशक बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला आई आठवली. तुझं ऑपरेशन झालं तेव्हा तू छताकडे बघत म्हणाली होतीस, "कुठं चुकलं असेल माझं, देवानं ही शिक्षा दिली." मी तेव्हा अकरावीत होतो, काय बोलावं कळलं नव्हतं. आता बोलतो. दुःखात पडलेल्या ईयोबाला त्याचे मित्र हेच म्हणत होते, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. हे तू एकदा माझ्याबरोबर वाच, आई. तुझ्या मनात ती शिक्षा अजून बसलेली असेल तर ती काढून टाकू या.

आणि प्रश्न विचारण्याबद्दल. पप्पा, दर नाताळात कवी ना. वा. टिळकांची गोष्ट तुम्हीच सांगता. आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं नवा करार हातात दिला, आणि येशूच्या डोंगरावरल्या प्रवचनापाशी टिळक अडकले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो किती शंका आणि किती वाद मनात घालून झाल्यावर! त्यांच्या शंका तुम्ही कौतुकानं सांगता. माझ्या शंकांनाही घरात तेवढी जागा द्या, एवढंच मागणं आहे. आठच्या कौटुंबिक प्रार्थनेत आळीपाळीनं वाचायचो, ते मी कधीच सोडलेलं नाही. मंगळवारी माझी पाळी आली की मी तुमच्यासारखाच स्वल्पविरामावर थांबतो, असं इथले लोक म्हणतात.

आता एक विचारायचंय. नाताळात नगरला आलो होतो तेव्हा तुम्ही बाजारात गेल्यावर मी तुमचं पवित्र शास्त्र उघडलं. २३ वं स्तोत्र, ९१ वं, १२१ वं, सगळी लाल पेन्सिलीनं रंगलेली. मग ८८ वं काढलं. आमच्या गटात ते नुकतंच झालं होतं. अख्ख्या स्तोत्रसंहितेत इतकं काळोखं स्तोत्र दुसरं सापडणार नाही. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे अंधारातच संपतं. तुमच्या पुस्तकात त्याच्या समासात लाल खूण नाही. साध्या पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरात एक तारीख आहे, ऑगस्ट २००१ ची. बाजूला एक शब्दही नाही. मी तेव्हा चार वर्षांचा होतो.

मी कितीतरी वेळ ती तारीख बघत बसलो. गेल्या पावसाळ्यात मला वाटत होतं की आपल्या घरात या अंधारात गेलेला मीच पहिला.

पप्पा, काय झालं होतं तेव्हा? सांगवत नसेल तर नका सांगू. शनिवारी सकाळच्या एसटीनं येतोय. रात्री आठला ८८ वं काढून ठेवा, पहिला अर्धा भाग तुम्ही वाचा, उरलेला मी वाचतो. आई, तुझा चष्मा जवळ ठेव.

तुमचा,
बाळू