झोपेचं लिहिणार नव्हते

पुणे, ६ जानेवारी २०२६

चि. बाबू, अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होते, पण रविवारी गाडीत साताऱ्यापासून शिरवळपर्यंत आपण दोघंही गप्प होतो आणि मग तू फक्त 'काच वर घेऊ का' एवढंच विचारलंस, तेव्हाच ठरवलं की हे लिहूनच सांगायचं. समोर असलास की मी निम्मं गिळते.

आधी माझी चूक. फोन पर्समध्ये होता, सायलेंटवर, आणि मी दोन तास तो बाहेर काढलाच नाही. तुझे सतरा मिस्ड कॉल मी नंतर मोजले. साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर साहित्य संमेलनाच्या समारोपाच्या दिवशीची ती गर्दी, त्यात तू ठाण्याहून थेट आलेला, जेवलेला नाहीस, आणि शहात्तर वर्षांची आई सापडत नाहीये. तू सगळ्यांसमोर ओरडलास त्याचा मला राग नाही आला. वाईट वाटलं, ते वेगळं.

पण मी कुठे होते ते तू विचारलंच नाहीस. पुस्तकांच्या स्टॉलमागे, खोक्यांच्या मधे दोन खुर्च्या टाकून आक्का आणि मी बसलो होतो. आक्काचे डोळे आता जवळजवळ गेलेत, तिला समोरच्याचा चेहरा मधोमध दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. नवी कादंबरी ती नातीच्या फोनवर बोलून लिहितेय, फोन काहीच्या बाही शब्द टाकतो आणि नात रात्री बसून ते दुरुस्त करते. पहिलं प्रकरण तिला पाठ आहे, सगळंच्या सगळं. ते तिने मला म्हणून दाखवलं. मधेच थांबायची, 'इथे पूर्णविराम' म्हणायची आणि पुढे जायची. अशा वेळी मी पर्समध्ये हात कसा घालणार होते, तूच सांग.

तुला १९९३ चं साताऱ्याचं संमेलन आठवतं का? नसेल, सात वर्षांचा होतास. विद्याधर गोखले अध्यक्ष होते तेव्हा. आम्ही पाच जणी एका शाळेच्या वर्गात गाद्या टाकून राहिलो होतो आणि तू त्या पाच जणींच्या मधे, कारण बाबांना रजा मिळाली नव्हती. माझी दुसरी कादंबरी नुकतीच आली होती, अकराशे प्रती, त्यातले चार गठ्ठे स्टॉलवर. माझा परिसंवाद होता म्हणून तुला स्टॉलवरच्या काकांकडे सोडून मी मंडपात गेले आणि परत आले तर तू नाहीस. तासभर. माइकवरून सांगितलं, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला मुलगा. कऱ्हाडची मावशी एसटी स्टँडपर्यंत धावत जाऊन आली. आणि तू टेबलाखाली, पांढऱ्या चादरीच्या आड, माझ्याच कादंबरीच्या गठ्ठ्यांवर गाढ झोपलेला होतास. मी आधी तुला एक फटका मारला आणि मग जवळ घेतलं. परवा तू ओरडलास ना, तो तोच फटका होता. मला तेव्हाच कळलं होतं.

त्या पाच जणींपैकी आता आक्का आणि मीच उरलोय रे. वहिनी करोनात गेल्या. नागपूरची मावशी लेकाकडे बोस्टनला, तिथून ती व्हॉट्सअ‍ॅपवर बर्फाचे फोटो पाठवते, एक ओळ लिहीत नाही. कऱ्हाडची मावशी कुणाला ओळखत नाही, तिच्या सुनेने फोन कानाला लावून दिला तर 'कोण आपण' म्हणाली, इतकं आदराने म्हणाली. म्हणून मी जाते संमेलनांना. शाल-श्रीफळासाठी नाही, सह्यांसाठीही नाही. सह्या करताना हात कापतो हे तू परवा बघितलंस, मी बघितलं की तू बघितलंस.

झोपेचं लिहिणार नव्हते, पण आलंच. रात्री साडेअकराला मला घरी सोडून तू बारा वाजता निघालास, का तर सकाळी नऊचा कॉल. एका दिवसात पाचशे किलोमीटरच्या वर गाडी चालवलीस. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं ते वळण आहे ना, तिथे तू मान झटकलीस. मी बघत होते. मी डोळे मिटून बसले होते असं तुला वाटलं असेल, पण मी शिरवळ येईपर्यंत तुझ्या पापण्याच बघत होते. नंतर पहाटे तीनपर्यंत जागी होते, तुझा 'पोचलो' येईपर्यंत. बाबाही असंच म्हणायचे, रविवारी भरून काढतो झोप. पुढचं तुला माहितेय.

बीपीची गोळी रोज एकाच वेळी घ्यायची असते, आठवण झाली की घेतली असं चालत नाही. रात्री एक-एकपर्यंत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतोस हे मला चिऊने सांगितलं, तिला रागावू नकोस. चाळीस म्हणजे काही पंचवीस नाही, आणि पैसे किती लागतात रे माणसाला, दोन बेडरूमच्या जागी तीन आल्या म्हणून कुणी जास्त…

बघ, लेक्चर झालं. सॉरी. हे खोडत नाही, तू वाचताना ही ओळ सोडून दे. तुझं काम मला कळत नाही पण ते तू चांगलं करतोस हे कळतं. मांडवात एका मुलाने विचारलं, 'मॅडम, तुमच्या घरी अजून कोण लिहितं', तर मी म्हटलं माझा मुलगा लिहितो, कॉम्प्युटरच्या भाषेत, आणि त्याचं एक अक्षर चुकलं तर सगळं बंद पडतं, आमच्यासारखं चालवून घेत नाही कुणी. बोलताना माझा गळा भरून आला होता.

एसटीचं एकदा बोलून घेते. तू म्हणतोस कॅब कर, पैसे मी देतो. पंचाहत्तरी झाल्यापासून मला एसटी फुकट आहे, पण मुद्दा तो नाही. शनिवारी स्वारगेटवरून जाताना शेजारी वाईला उतरणारी एक बाई होती, मांडीवर शिवणाच्या मशीनचं डोकं घेऊन बसलेली, पिशवीत गुंडाळून, नवऱ्याला न विचारता विकत घेतलेलं. दीड तास ती बोलत होती आणि मी ऐकत होते. कॅबमध्ये मला कोण भेटणार? पूर्वी दिवसाला आठ पानं व्हायची, आता एक झालं तरी बरं वाटतं, आणि ते एक पान अशाच कुणाकडून येतं.

तरी तुझं सगळंच ऐकणार नाही असं नाही. मी विचार केलाय. मुक्कामाला एकटी जाणार नाही, कुणीतरी बरोबर असेल. संध्याकाळी सातनंतरचा कार्यक्रम घेणार नाही. मेमध्ये दिवाळी अंकांचे फोन सुरू होतात तेव्हा या वर्षी दोनच कथा कबूल करीन, गेल्या वर्षी पाच घेतल्या आणि ऑगस्टमध्ये रात्ररात्र बसले. म्हणजे जागरणाचं मीही करतेच, तुलाच एकट्याला बोलायला नको होतं. फोन सायलेंटवर ठेवला तर दर तासाला बघीन. पण पुढचं संमेलन शंभरावं आहे आणि त्याला मी आणि आक्का जाणार. तिला धरून चालवायला मी, आणि कुणाचं नाव मला आठवलं नाही तर कानात सांगायला ती, आवाजावरून माणसं ओळखते. तसं झालंच होतं, सही घ्यायला समोर आलेल्या बाईंचं नाव मला आठवेना, वीस वर्षांची ओळख. आक्काने मागून सांगितलं. हे तुला गाडीत सांगणार होते.

बाबू, एक करशील का? मला न्यायला यायचं असेल तेव्हा रात्री इथेच राहत जा. तुझ्या खोलीत मी पुस्तकं रचून ठेवलीत ती उद्या काढायला घेते, पलंग मोकळा होईल. नऊचा कॉल इथूनही घेता येईल, वायफाय चांगलं चालतं, वरच्या मजल्यावरचा मुलगा बघून गेलाय.

कंदी पेढ्यांचा पुडा तुझ्या मागच्या सीटवर राहिलाय, चिऊला दे, फार दिवस ठेवू नका. तुझं जर्किनही इथेच आहे.

या रविवारी सकाळी फोन करू नकोस. तू झोप. मीच दुपारी करीन.

तुझी
आई