सीएसआर निधी आणि स्थानिक संस्थांचा खर्च

महोदय,

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार निकषांत बसणाऱ्या कंपन्यांना मागील तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर (कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व, म्हणजेच सीएसआर) खर्च करावी लागते, आणि तसे करताना आपल्या कार्यक्षेत्रालगतच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही तेच कलम सांगते. या निधीतून प्रत्यक्ष काम करणाऱ्या छोट्या स्थानिक स्वयंसेवी संस्थांची खरी अडचण मात्र निधी मंजूर झाल्यावर सुरू होते.

प्रशासकीय खर्चावरील ५ टक्क्यांची मर्यादा अनेकदा थेट संस्थेच्या अंदाजपत्रकाला लावली जाते. वास्तविक सीएसआर नियमांतील व्याख्येप्रमाणे ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कामकाजाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनासाठी आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च तीतून स्पष्टपणे वगळलेला आहे. तरीही प्रकल्पावर राबणाऱ्या कार्यकर्त्यांचे मानधन ‘वरखर्च’ ठरवून कापले जाते आणि मग त्याच संस्थेकडून दर तिमाहीला छायाचित्रांसह सविस्तर अहवाल मागवला जातो. (तो लिहायचा कोणी, हे विचारण्याची सोय नसते.)

नियमांत ‘चालू प्रकल्प’ म्हटल्या जाणाऱ्या बहुवर्षीय कामांना सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत मुदत देता येते, तरी करार आर्थिक वर्षापुरतेच होताना दिसतात. कंपन्यांच्या सीएसआर समित्यांनी वार्षिक कृती आराखडा ठरवतानाच बहुवर्षीय करार, मनुष्यबळाचा खर्च आणि काम सुरू होण्यापूर्वीचा पहिला हप्ता यांची तरतूद त्यात करावी, ही विनंती.

– एक वाचक