हप्ता चालू राहू दे, गुडघे आधी

पुणे,
रविवार, 18 जानेवारी 2026

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायला घेतलं असतं तर बाबांनी "बरं, बघू" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईने आज भाजी काय केलीस ते विचारलं असतं. म्हणून पत्र.

मंगळवारी मीटिंगमध्ये होते आणि मोबाईल वाजला. 5,00,000 जमा. मला आधी बँकेची चूक वाटली, मग खाली बाबांचं नाव दिसलं. बाबा, तुम्ही एफडी मोडलीत. मला न सांगता. आईला तरी सांगितलं होतंत का?

काय केलंय ते आधी सांगून टाकते, कारणं मागाहून. ते पैसे मी शुक्रवारी तुमच्या जॉइंट खात्यात परत टाकले. आणि 17 फेब्रुवारी, मंगळवार, ही मिरजेतली बाबांच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख घेतली आहे. अ‍ॅडव्हान्स भरून झालाय. रागवा, पण पैसे पुन्हा पाठवू नका. परत केले म्हणजे परके मानले असं मनात आणू नका. त्या रात्री मी मेसेज मंदारला दाखवला आणि दोघंही जेवताना गप्प होतो. इरा विचारत होती, आजोबांनी काय पाठवलं? काय सांगायचं तिला?

तुमचा हिशोब मला कळतो. माझं कर्ज 4,86,000 राहिलंय, तुमचे पाच लाख आले की एका चेकने मोकळी. तुमच्या भाषेत बेबाकी दाखला, काही देणं उरलं नाही याचा कागद. कर्ज डोक्यावर असताना तुम्हाला झोप लागत नाही हे मी लहानपणापासून बघत आलेय. ती निळी डायरी आठवते? पगारदार संस्थेच्या कर्जाची. दर महिन्याला लाल पेनने एक ओळ मारायचात आणि मग चहा मागायचात. 2005 च्या पुराच्या पाण्यात सांगलीच्या गावभागातल्या घरात ती भिजली तेव्हा आईने गाद्या सोडून आधी ती दोरीवर वाळत घातली होती. लाल शाई फुटून पानं गुलाबी झाली होती. मला ती रंगीत पानं सुंदर वाटायची. त्यात काय लिहिलंय ते फार नंतर कळलं.

2018 मध्ये आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा बँकेचा तक्ता पाहून मी तुम्हाला रडत फोन केला होता. 40 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं, हप्ता 34,713. आणि पहिल्याच ओळीत व्याज 28,333, मुद्दल 6,380. वीस वर्षं असंच चाललं असतं तर नुसतं व्याज 43 लाखांच्या वर गेलं असतं, म्हणजे घेतल्यापेक्षा जास्त. तुम्ही म्हणालात, "रडू नकोस, वर्षाला एक हप्ता जास्तीचा टाक, आणि तो मुद्दलावर पडतोय ना ते बघ." तेवढ्याने सव्वातीन-साडेतीन वर्षं कमी होतात हे मी नंतर मांडून पाहिलं. तोवर मला वाटायचं लहानसहान रकमेने काय होणार आहे! पण सुरुवातीला टाकलेला रुपया पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज तोडतो, आणि शेवटी टाकलेला फार काही करत नाही. हे वाक्य तुमचंच आहे बरं का. आज तुमच्यावरच उलटवतेय.

पहिली मोठी रक्कम भरायला गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, हप्ता कमी करायचा की मुदत? मी फोन कानाला लावून उभी होते. तुम्ही इतक्या जोरात "मुदत!" म्हणालात की त्या बाईंना ऐकू गेलं आणि त्या हसल्या. बदलत्या व्याजाच्या घरकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँक लावू शकत नाही, हा 2012 पासूनचा नियम आहे, याचं कात्रणही तुम्हीच पाठवलं होतंत. मे 2022 मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) 4 टक्क्यांवरून चढायला लागला आणि वर्षाच्या आत साडेसहावर गेला. हप्ता तसाच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. तीही तुमच्यामुळेच माझ्या ध्यानात आली, नाहीतर दर महिन्याला तेवढेच पैसे कापले जातात म्हणून मी निवांत होते.

आता जे बोलायला जीभ रेटत नाही ते लिहिते. 2023 च्या मार्चअखेरीला मी बोनसचे 2,80,000 एकरकमी कर्जात टाकले. स्क्रीनशॉट पाठवला होता, तुम्ही टाळ्यांचं चित्र पाठवलं होतंत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री दीडला आईचा फोन आला. मिरजेला निघालोय म्हणाली. माझ्या खात्यात 19 हजार होते. आई, तू हातातल्या पाटल्या काढून मामाच्या हातात दिल्यास, सोनेतारण केलंत आणि बाबांची अँजिओप्लास्टी झाली. आठ महिन्यांनी पाटल्या सोडवल्या. तू एकदाही काही बोलली नाहीस, उलट म्हणालीस, "तुझं कर्ज फिटतंय ना, तेच महत्त्वाचं." मला अजून ते ऐकू येतं. घरात घातलेला पैसा भिंतीत जातो आई, रात्री दीडला भिंत फोडून काढता येत नाही.

म्हणून गेल्या जूनपासून मी जादा भरणं थांबवलं. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही दर वेळी विचारायचात आणि मी "चाललंय" म्हणायचे. खोटं नव्हतं, हप्ता चालूच होता. जादाचे 25 हजार दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकत होते, त्याचे दोन लाख झाले. मंदारचा दिवाळीचा दीड लाख. माझी ऑफिसातली भिशी लागली, 90 हजार. दोन्ही गुडघ्यांचा खर्च त्यातून भागतो, मी सगळं विचारून घेतलंय. बाबा म्हणतील, अगं मग याच पैशात तुझं कर्ज जवळजवळ फिटलं असतं. फिटलं असतं. तरी नाही फेडणार.

कारण आता कर्जाला घाई राहिलेली नाही. कागद पेन घ्या, तुम्हाला आवडतं ते करा. 4,86,000 वर 8 टक्क्यांनी या महिन्याचं व्याज होतं 3,240. मुद्दलात जातात 31,473. पहिल्या हप्त्याच्या अगदी उलट! असे पंधरा हप्ते राहिलेत, पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये संपतंय. या पंधरा महिन्यांचं सगळं व्याज मिळून 26 हजारांच्या आसपास. 26 हजारांसाठी तुम्ही आणखी एक पावसाळा जिन्याला धरून चढणार? 2019 ला आयर्विन पुलाजवळ पुराचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा वर पाण्याच्या घागरी तुम्ही चढवल्या होत्यात. दिवाळीत मी आले तेव्हा तुम्ही पायपुसण्यावरून उठताना दाराची चौकट धरलीत, आणि मी बघतेय म्हणून चौकटीवरची धूळ झटकल्यासारखं केलंत. मी पाहिलं, बाबा.

आमची काळजी करू नका. आम्ही काही उपाशी राहून हप्ते भरत नाही. फ्रीज बदलला, इराचं पोहणं चालू आहे, शनिवारी बाहेर जेवतो. जुनी स्कूटर मंदारला आवडते म्हणून आहे, पैसे नाहीत म्हणून नाही (हे आईसाठी). आणि फ्लॅटचे कागद बँकेत अडकलेत ही बाबांची भीती असेल, तर डिसेंबर 2023 पासून नियम आहे, कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद द्यावे लागतात, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये. एप्रिलमध्ये कागद आणायला तुम्हीच माझ्याबरोबर चला. चालत.

लहानपणी ताप आला की तुम्ही मला खांद्यावर घेऊन डॉक्टरांकडे न्यायचात, रिक्षा असली तरी. आई म्हणायची, उतरव तिला, घोडी झालीये. तुम्ही म्हणायचात, वजनच नाही तिला. तेच गुडघे आहेत हे.

आता ऐका, दोघंही. एफडी पुन्हा करा, सोमवारीच, आईचं नाव घालून, दोघांपैकी कुणालाही काढता येईल अशी. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज कापलं ते गेलं, त्याचा हिशोब काढत बसू नका. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करायची गोळी कधी थांबवायची ते तेच सांगतील, शेजारच्या काकांचं ऐकून स्वतः बंद करायची नाही. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायला मिस्त्री रविवारी येईल, त्याच्याशी घासाघीस करू नका, मी पैसे दिलेत. तुमचा पलंग खालच्या खोलीत हलवा. आई, तू स्वयंपाकाला बाई नको म्हणू नकोस, महिनाभर तरी. तिने केलेली आमटी पातळ होईल, होऊ दे. मी 15 तारखेला रात्री येतेय, इराला घेऊन, पंधरा दिवस रजा टाकली आहे.

त्या दिवशी महाशिवरात्र आहे. बाबा, हरिपूरला संगमेश्वराचं दर्शन चुकवू नका म्हणत नाही मी. पण रिक्षाने जा. पहाटे पाचच्या रांगेत उभं राहायचं नाही, नऊनंतर जा. मुकुंदाला सांगून ठेवलंय, तो दारात येईल. यंदा चालत गेला नाहीत म्हणून देव काही नाव खोडत नाही. पुढच्या वर्षी घाटापर्यंत चालत जा, मी पण येते.

पैसे परत आल्याचं वाईट वाटलं असेल तर तसं सांगा. आत ठेवू नका. पण तारीख बदलायची नाही.

तुमची,
मनू

ता. क. आई, हॉस्पिटलात पाटल्या घालून येऊ नकोस, तिथे सांभाळत बसावं लागतं. पण घरी काढून डब्यात ठेवतेस ते बंद कर. मी येईन तेव्हा हातात दिसल्या पाहिजेत.