मंदारला पत्र: खेकडे आणि चेरी श्रिंप एका टँकमध्ये

दादर, मुंबई
२४ एप्रिल

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

खेकडे चेरी श्रिंपना (गोड्या पाण्यातल्या त्या इवल्या लाल कोळंब्यांना) खातील का, असं तू विचारलंस. सापडली तर खातील. ‘एकदम शांत आहेत, काही करत नाहीत’ असं म्हणून दुकानदार जे हातात देतो त्यावर जाऊ नकोस. खेकडा शांत दिसतो तो पोट भरलेलं असतं म्हणून. दोघांना एकत्र नांदवायचं ते टँकच्या रचनेवर. खेकड्याला पाण्यात उतरता आणि चढता आलं पाहिजे, पण श्रिंपच्या मुक्कामाच्या जागी शिरता येता कामा नये. बाकी सगळा तपशील यातूनच निघतो.

खेकडा घ्यायचा तो वॅम्पायर क्रॅब, म्हणजे जिओसेसार्मा. मूळचा आग्नेय आशियातला. बाजारात वर्षानुवर्षं विकला जात होता, पण जावा बेटावरच्या जांभळ्या डेनर्ली आणि नारिंगी छटेच्या हागेन या जातींना शास्त्रीय नावं मिळाली ती २०१५ मध्ये. पाठ जेमतेम दोन सेंटिमीटर, डोळे पिवळेजर्द. हा मुख्यतः जमिनीवर राहतो, त्याला पोहता येत नाही आणि पिल्लं अंड्यातून थेट चिमुकल्या खेकड्याच्या रूपातच बाहेर पडतात, त्यामुळे खाऱ्या पाण्याची भानगड नाही. लाल नांग्यांचा ‘रेड क्लॉ’ मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी नको. तो खाडीतला, त्याला मचूळ पाणी लागतं आणि श्रिंपचा तो फडशा पाडतो. ओढ्यातले मुठेही नकोत. मोठे होतात आणि सगळी जमीन उकरून ठेवतात. शिवाय नॅशनल पार्कातून काहीही उचलणं बेकायदा आहे. थाई मायक्रो क्रॅब श्रिंपना खरोखरच निरुपद्रवी आहे, पण तो पूर्ण पाण्यातला. त्याच्यासाठी पॅलुडेरियम, म्हणजे जमीन आणि पाणी दोन्ही असलेला टँक, बांधणं म्हणजे नुसती हौस.

नर एक आणि माद्या तीन, यापेक्षा जास्त नाही. दोन नर ठेवलेस तर नांग्या तुटतात. ओळख तुला सांगायला नको: मासळीबाजारात चिंबोरी उलटी करून पाहतोस तसंच, पोटावरची झडप निमुळती तर नर, रुंद गोल तर मादी.

आता टँक. ६० × ३० × ४५ सेंटिमीटर पुरे. जमिनीसाठी काचेची भिंत घालून एका बाजूला माती भरू नकोस, तिथेच बहुतेकांचं फसतं. पाणी अर्ध्यावर येतं, माती तळाशी कुजते आणि श्रिंपना लपायला जागा उरत नाही. त्याऐवजी जमीन माचीसारखी पाण्यावर उचल. फॉल्स सीलिंगच्या दिव्यांखाली पांढरी चौकडीची प्लास्टिक जाळी बसवतात ना, तिचा ४० × ३० चा तुकडा काप. खाली पीव्हीसी पाइपचे १४ सेंटिमीटर उंचीचे सहा पाय दे. पाण्यात बुडणाऱ्या पायांना भोकं पाड, नाहीतर आत पाणी साचून सडतं. जाळीवर नायलॉनची मच्छरदाणी आणि तिच्यावर पाच-सहा सेंटिमीटर थर: तीन भाग कोकोपीट, एक भाग नदीची वाळू. कोकोपीटमध्ये बरेचदा मीठ असतं, म्हणून तीन पाण्यांतून धुऊन पिळून घे. खत मिसळलेली नर्सरीची माती अजिबात नको. माचीच्या काठाला सात-आठ सेंटिमीटर उंच काचेची पट्टी लाव म्हणजे माती पाण्यात घसरणार नाही. सिलिकॉन बुरशीरोधक नसलेलं घे आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांब.

पाणी १२ सेंटिमीटर भर. मोकळं दिसणारं पाणी सातेक लिटर, पण माचीखालचं धरून श्रिंपना एकवीस लिटर मिळतं. माचीखालच्या भागाच्या तोंडाशी सहा मिलिमीटर भोकांची प्लास्टिक जाळी सक्शन कपने बसव. श्रिंप आरपार जातात, मोठा खेकडा अडतो. खेकड्याची पिल्लं आत शिरतील, पण तेवढ्या पिल्लाकडून श्रिंपला धोका नाही. स्पंज फिल्टर या जाळीच्या आतल्या बाजूला ठेव, म्हणजे तिथलं पाणी हलतं राहील. दर दोन-तीन आठवड्यांनी जाळी काढून स्पंज टँकच्याच पाण्यात पिळायचा. एअर पंपाच्या नळीला चेक व्हॉल्व्ह लावच. वीज गेली की पाणी उलटं येतं.

मोकळ्या पाण्यात जावा मॉस (शेवाळासारखी पाणवनस्पती) दाट लाव आणि तळापासून माचीपर्यंत खडबडीत लाकडाचे दोन उतार दे. एक उतार सरकला तरी दुसरा हवा. वॅम्पायर क्रॅब कल्ले ओले करायला पाण्यात येतो, कधी कात टाकायलाही येतो, पण हवा मिळाली नाही तर बुडून मरतो. जमिनीवर लपायला नारळाच्या करवंट्या उत्तम, खेकड्यांमागे एक याप्रमाणे. वरून बदामाची वाळकी पानं टाक. मुंबईत देशी बदामाची झाडं गल्लोगल्ली आहेत. गळून तपकिरी झालेलीच पानं घे आणि उकळत्या पाण्यातून काढ.

झाकण काचेचं, मध्ये स्टीलच्या बारीक जाळीची पट्टी. हे खेकडे कोपऱ्यातल्या सिलिकॉनवरून आणि हवेच्या नळीवरून सरसर चढतात. थोडीशी फटही त्यांना दरवाजासारखी आहे. वायरीच्या भोकात स्पंज कोंबलास तर ते तो कुरतडतील, तिथेही जाळीच हवी. पावसाळ्यात महापालिकेची माणसं साचलेलं पाणी तपासायला येतात, तेव्हाही या जाळीमुळे तुझी बाजू भक्कम राहील.

पाण्याबद्दल नीट वाच. आपल्याकडे भातसा, तानसा, वैतरण्याचं पाणी येतं, ते मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं. चेरी श्रिंपना जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) ६ ते ८, केएच (कार्बोनेटमुळे येणारा कठीणपणा) २ ते ४ आणि टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) १५० ते २५० हवा. कॅल्शियम कमी पडलं की कात अडकते, मानेभोवती पांढरं कडं दिसतं आणि श्रिंप मरते. श्रिंपसाठी मिळणारे क्षार मोजून घाल. खेकड्यांसाठी काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेन (कटलफिशचं आतलं कवच) आण, उकळून मीठ काढ आणि एक तुकडा जमिनीवर ठेवून दे. टाकलेली कात उचलू नकोस, खेकडे तीच खाऊन कॅल्शियम परत मिळवतात. तुमच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर ही सगळी गणितं बदलतात. आधी मोजून घे.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायला थायोसल्फेट. बाष्प होऊन उडालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरून काढ, कारण क्षार उडत नाहीत, साचतात. पण घरच्या प्युरिफायरला ‘कॉपर’चं कार्ट्रिज असेल तर ते पाणी टँकजवळही आणू नकोस. तांबं श्रिंपचा काळ आहे.

त्याहून वाईट म्हणजे फवारणी. डासांची कॉइल, लिक्विड मशीन, सोसायटीचा पेस्ट कंट्रोल, गल्लीतला धूर, या सगळ्यांत बहुतेकदा कवचधारी जिवांनाही घातक अशी पायरेथ्रॉइड कीटकनाशकं असतात. श्रिंप गोल गोल फिरायला लागली, उलटी होऊन पाय झाडायला लागली की समज. धुराची गाडी आली की खिडक्या लाव, एअर पंप बंद कर (तोच बाहेरची हवा पाण्यात ढकलतो) आणि ओलं फडकं झाकणावर टाक. तासाभरात हवा स्वच्छ झाली की पंप पुन्हा चालू.

क्रम असा: पाणी आणि फिल्टर चालू, पण प्राणी न घातलेला टँक चार ते सहा आठवडे चालव, अमोनिया आणि नायट्राइट शून्य येईपर्यंत. मग वीसेक चेरी श्रिंप. त्यांची दोन मिलिमीटरची पिल्लं मॉसवर दिसायला लागली, वसाहत वाढती झाली, की मगच खेकडे. उलट केलंस तर श्रिंपना रुजायला वेळच मिळणार नाही. त्यानंतरही अधूनमधून एखादी श्रिंप जाईल. वाढणाऱ्या वसाहतीला ते झेपतं.

खेकड्यांना खाणं कायम जमिनीवर, दिवे मालवल्यावर. जवळा दहा मिनिटं पाण्यात भिजवून, धुऊन, प्रत्येकी दोन-तीन दाणे. एक दिवसाआड दुधी किंवा पालकाचं उकडलेलं पान. पाण्यात मांसाहारी काही टाकलंस की खेकडे तिथेच मुक्काम ठोकतात. श्रिंपचं खाणं माचीखाली, तेही चिमूटभर. तीन तासांनी उरलं तर काढून टाक.

मे महिन्यात पाणी ३० अंशांच्या वर गेलं की प्राणवायू घटतो. बर्फाच्या बाटल्या नकोत, तापमान झोके खातं. झाकणाच्या जाळीवर छोटा पंखा लावलास तर दोन-तीन अंश उतरतं, फक्त जमीन सुकते, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी फवार. एसीच्या खोलीतही तेच कर.

काच कापायला देण्याआधी टेबलाची लांबी आणि नळाच्या पाण्याचा टीडीएस कळव. जाळी आणि पाइप लोहार चाळीत मिळतील, खेकडे मात्र आपण बरोबर जाऊन पाहू. क्रॉफर्ड मार्केटला शनिवारी सकाळी येतोस का?

तुझा,
शिरीष