बाबांच्या संध्याकाळच्या फेरीबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "ओझोन तर आपलं रक्षण करतो, तो कसला बाधतोय?" तेहतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाशी फोनवर वाद घालण्यात अर्थ नाही, म्हणून लिहितेय.

तुम्ही शिकवलात तो थर पार वर, वीसेक किलोमीटरवर. हा जमिनीलगतचा. तो गाडीच्या नळीतून निघत नाही. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल-रंगांच्या वाफा यांवर कडक ऊन पडलं की हवेतच तयार होतो. लॉस एंजेलिसचा धूर दुपारच्या समुद्रवाऱ्याबरोबर आत सरकतो, वाटेत उन्हात मुरतो आणि डोंगरांना अडून आमच्या रिव्हरसाइडवर साचतो. (आमचे ट्रकही काही साळसूद नाहीत म्हणा.) 1950 च्या सुमारास हे कोडं कॅलटेक या इथल्या विद्यापीठातल्या आरी हागेन-स्मिट या डच शास्त्रज्ञाने उलगडलं. त्या काळी ओझोन मोजायला रबर ताणून ठेवायचे आणि भेगा किती वेळात पडतात ते बघायचे! दाराच्या कडीला रबरबँड साठवणाऱ्या माणसाला हे सांगायलाच हवं होतं. पण जे रबराला भेगा पाडतं, ते श्वासनलिकेचं अस्तर सोडेल का?

मागच्या खेपेचा ऑगस्ट आठवतोय? बाबा रोज पाचला फिरायला निघायचे. तिसऱ्या दिवशी परत आले ते जाळीच्या दाराची चौकट धरून उभेच राहिले. खोल श्वास घेतला की अर्ध्यातच खोकला, छाती आवळल्यासारखी. आई, तू आइस्क्रीमवर खापर फोडलंस, मी एसीवर. बाबा आपले म्हणतायत, "हवा किती स्वच्छ, धुळीचा कण नाही!" तिथेच फसलो. हा डोळ्यांना दिसत नाही. रात्री मी त्या दिवसाचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, बघितला तर लाल, म्हणजे अपायकारक. सकाळीच बघायला हवा होता. दम्याचा माणूस घरात असताना मी तो बघितला नाही, हे अजून मनाला खातं.

या वेळी तुम्ही जुलैत येताय. तिकडे तेव्हा ढग असतात, पाऊस हवा धुऊन काढतो. इथे उन्हाळाभर पाऊस नाही, म्हणजे नेमके वाईट महिने. तेव्हा फेरी सकाळी सहाला. दुपारी बारापासून ऊन उतरेपर्यंत घरात, खिडक्या लावून. आई, तिन्हीसांजेला दार उघडं ठेवायची तुझी सवय मला माहीत आहे. दिवा लाव, दार मात्र बंद राहू दे, लक्ष्मीला मी समजावते.

मास्कचा गठ्ठा आणू नका. तो धूळ अडवतो, हा वायू आहे. आणि बाबा, 'ओझोन सोडून हवा ताजी करणारं' जे यंत्र तुम्हाला व्हॉट्सअॅपवर कुणी पाठवलंय, ते मागवलं असेल तर आजच रद्द करा. विकतचं दुखणं आहे ते. रोज घ्यायचा पंप 'बरं वाटतंय' म्हणून परस्पर बंद करू नका. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून या आणि दोन्ही पंप हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

चालायचे बूट आणू नका, मागच्या वेळचे इथेच आहेत. सहाच्या फेरीला मीही येईन, फक्त आधी चहा लागेल. मेतकूट जमलं तर आण, आई.

तुमची,
छकुली