फतेगंजच्या त्या ताई-दादांचे आभार
बडोद्यातल्या तरुण संघाच्या शिबिराला ३६ मुलं, ८ गटप्रमुख. आदल्या संध्याकाळी दोन गटप्रमुख रुसून निघून गेले. कामं वाटली होती, पण एकमेकांशी बोलणं झालंच नव्हतं. संघ तुटतो तो इथेच.

तुम्ही दोघं फतेगंजहून पोह्यांचा डबा घेऊन आलात. कामांच्या यादीला हातही लावला नाहीत. आधी प्रत्येकाजवळ दहा मिनिटं बसून विचारलंत, "घरी कसं चाललंय?" मग बायबलमध्ये येशूने शिष्यांना दोघं-दोघं करून पाठवलं (मार्क ६:७), तशा जोड्या लावल्यात, एक जुना, एक नवा, १२ मुलांमागे एक जोडी. रुसलेल्यांना ताईंनी फोन केला. समजूत घातली नाही, नुसतं ऐकून घेतलं. रात्री एक जण परतला. दुसरा आला नाही, असो.

नाव न सांगताच गेलात. मनापासून आभार. डबा आमच्याकडेच राहिलाय.