मांडीवरचं बाळ आणि पंधरा तासांचं विमान

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीची तिकिटं लोक आत्तापासूनच काढायला लागलेत, त्यात ज्यांच्या घरी दोन वर्षाच्या आतलं बाळ आहे आणि ज्यांना अमेरिकेला वगैरे लांब जायचंय त्यांना बाळ मांडीवर न घेता स्वतःच्या सीटवर बांधून न्या हे सांगायला हे पत्र लिहितोय, कृपया छापा. मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालोय, सीट, पट्टा, नटबोल्ट आणि ब्रेक लागल्यावर आतला माणूस कुठं जातो हे एकतीस वर्ष जवळून बघितलंय, त्यामुळे विमानात जे बघितलं ते डोक्यातून जातच नाही.

मागच्या नोव्हेंबरात मी, आमच्या सौ आणि सूनबाई असे तिघं नातीला घेऊन मुंबईहून न्यूअर्कला गेलो. नात तेव्हा सतरा महिन्यांची, वजन अकरा किलो. तिचं तिकीट मांडीवरचं, म्हणजे भाड्याच्या साधारण दहा टक्के, सगळे तसंच काढतात म्हणून आम्हीपण तसंच काढलं. तिची कार सीट, म्हणजे गाडीत लहान मुलाला बांधून बसवायची खुर्ची, आम्ही चेक इन बॅगांबरोबर खाली टाकली. समोरच्या भिंतीला लावतात तो पाळणा, बेसिनेट म्हणतात त्याला, तो मिळाला होता पण तो टेकऑफ आणि लँडिंगला चालत नाही आणि मधेच बेल्टचा दिवा लागला की झोपलेलं पोर उचलून मांडीवर घ्यावं लागतं. असं त्या रात्री पाच वेळा झालं. पाचव्यांदा ती सौंच्या मांडीवर होती, लहान मुलाचा जो जोडपट्टा देतात तो लावायच्या आतच विमान हवेत हेलकावा खाऊन एकदम खाली गेलं. मी शेजारीच होतो. पोर हातातून वर गेली आणि खाली येताना कपाळ सीटच्या हातावर आपटलं. मोठं टेंगूळ आलं, बाकी देवाच्या कृपेनं काही नाही. पण सौंनी तिला घट्ट धरलं होतं हो, अगदी दोन्ही हातांनी, आणि तरीही ती सुटली, याचं त्यांना अजून वाईट वाटतं आणि मी त्यांना प्रत्येक वेळी सांगतो की यात तुझी काही चूक नाही, हातानं धरायचं कामच नाही ते.

कारण हिशेब साधा आहे. २१ मे २०२४ ला लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर ३७ हजार फुटांवर अशाच हवेच्या हेलकाव्यात, टर्ब्युलन्स म्हणतात त्यात, सापडलं, एक प्रवासी गेला, कितीतरी जखमी झाले. चौकशीत जे आकडे आले त्यात विमानातला जोर अधिक १.३५ जी वरून (एक जी म्हणजे आपलं रोजचं वजन) उणे १.५ जी वर गेला आणि हे झालं ०.६ सेकंदात. उणे १.५ जी म्हणजे काय, तर आमच्या अकरा किलोच्या नातीला साडेसोळा किलोच्या जोरानं छताकडे ओढलं जाणार, आणि ते डोळ्याची पापणी लवायच्या आत. कुठली आजी धरून ठेवणार? आपल्याकडे पण १ मे २०२२ ला मुंबईहून दुर्गापूरला जाणारं विमान उतरताना असंच हेलकावलं आणि बरेच लोक जखमी झाले होते, आठवत असेल.

आता पुढची गंमत नाही, चिंतेची गोष्ट. न्यूअर्कला सामानाच्या पट्ट्यावर कार सीट आली ती पाठीचं प्लॅस्टिक तडकून. मुलगा घ्यायला आला होता, त्यानं बघितलं आणि म्हणाला, बाबा यात तिला नाही बसवायचं. तिकडे प्रत्येक राज्यात लहान मुलाला कार सीटशिवाय गाडीत बसवता येत नाही, आणि तडा गेलेली सीट अपघातात कशी वागेल सांगता येत नाही हे मला वर्कशॉपवाल्याला वेगळं सांगायची गरज नव्हती. मित्राकडून दुसरी सीट येईपर्यंत टेंगूळ आलेली पोर घेऊन दोन तास एअरपोर्टवरच बसलो. म्हणजे जी वस्तू तिला वाचवणार होती ती विमानाच्या पोटात सामानाखाली आपटत गेली, आणि पोर वरती मोकळी.

तेव्हापासून मी मुलाला धरून बसलो की मला हे सगळं समजावून सांग, आणि त्यानं जे वाचून दाखवलं ते थोडक्यात सांगतो.

१९ जुलै १९८९ ला युनायटेड एअरलाइन्सचं डेन्व्हरहून शिकागोला जाणारं २३२ नंबरचं विमान आयोवामधल्या सू सिटीला कोसळलं. मागचं इंजिन फुटलं होतं, सगळे हायड्रॉलिक गेले होते. २९६ जण होते त्यातले ११२ गेले. त्यात मांडीवरची चार मुलं होती, त्यांना बसायला जागाच नव्हती, म्हणून तेव्हाच्या नियमाप्रमाणे क्रूनं आईवडिलांना सांगितलं की मुलांना खाली पायाशी ठेवा आणि धरून ठेवा. आपटल्यावर ती हातात राहिलीच नाहीत. बावीस महिन्यांचा एक मुलगा गेला. अकरा महिन्यांची एक मुलगी वरच्या सामानाच्या कप्प्यात सापडली, एका प्रवाशानं धुरात परत आत जाऊन तिला बाहेर काढलं म्हणून वाचली. त्या विमानातल्या मुख्य एअर होस्टेस जॅन ब्राउन, ज्यांनी स्वतः ती सूचना दिली होती, त्यांनी नंतर कितीतरी वर्ष सरकारच्या मागे लागून एकच मागणी केली, की प्रत्येक मुलाला स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा द्या. मोठ्या माणसांना पट्टा, कॉफीच्या भांड्याला पण खिट्टी, फक्त बाळ मोकळं, हे मलासुद्धा अजून पटत नाही.

मग नियम का नाही झाला? अमेरिकेत अपघातांची चौकशी करणारी एनटीएसबी कधीची सांगतेय की सक्ती करा. पण तिथलं विमान खातं, एफएए, त्यांनी २००५ मधे सक्तीचा विचार सोडून दिला. त्यांचं म्हणणं असं की बाळाचं तिकीट पूर्ण घ्यायला लावलं तर काही कुटुंबं विमान सोडून गाडीनं जातील, आणि रस्त्यावर विमानापेक्षा कितीतरी जास्त माणसं मरतात, म्हणजे एकूण नुकसानच जास्त. हे कारण खोटं नाही, मी रस्त्यावरचे अपघात बघितलेत, मला ते पटतं. पण ते डेन्व्हर ते शिकागोला लागू आहे. मुंबईहून न्यूअर्कला कोण गाडीनं जाणार आहे? पुण्याहून सिडनीला, नागपूरहून टोरंटोला? समुद्र आहे मधे! लांबच्या प्रवासाला दुसरा रस्ताच नाही, म्हणजे ज्या भीतीनं तिथं सक्ती टाळली ती भीती इथं नाहीच. माझा सगळा मुद्दा हा एवढाच आहे, आणि आपल्याकडचं विमानांचे नियम करणारं खातं, डीजीसीए, त्यांनी निदान लांब पल्ल्याच्या विमानांसाठी तरी याचा वेगळा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे कायदा नाहीच असंही नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत कलम १९४ ब आलं, चौदा वर्षाखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत नेलं तर हजार रुपये दंड. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हार्नेस आणि हेल्मेट, वेग चाळीसच्या आत. पाळतात किती ते सोडा, पण कागदावर तरी मान्य केलंय ना की पोराला हातानं धरणं पुरत नाही.

तो जोडपट्टा मिळतो, आईच्या पट्ट्याला अडकवायचा, त्यावर लोक निर्धास्त असतात. हवेत उसळलं तर त्याचा उपयोग होतो हे खरं, बाळ निदान छताला जात नाही. पण पुढून जोराचा धक्का बसला तर आईचं अंग पुढे दुमडतं आणि मधे बाळ असतं, सगळा भार बाळाच्या पोटावर येतो. म्हणून अमेरिकन कंपन्यांच्या विमानात तो टेकऑफ आणि लँडिंगला चालत नाही.

आता या मे महिन्यात परत आलो ते सांगतो. नात तेवीस महिन्यांची, अजून मांडीवर चाललं असतं, पण मुलानं तिचं वेगळं तिकीट काढलं, त्रेपन्न हजार पडले. हा पैसा लहान नाही, मला माहितीये. आणि काउंटरवर पहिलंच वाक्य काय, तर कार सीट आत चालणार नाही, बॅगेत टाका. मुलानं सीट उलटी करून तिच्या बाजूचं लाल अक्षरातलं लेबल दाखवलं, त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की ही सीट गाडी आणि विमान दोन्हीत वापरायला प्रमाणित आहे. तरी त्या मुलीला माहीत नव्हतं, तिचे वरिष्ठ आले, चाळीस मिनिटं गेली, मागे रांग, पोर रडतीये. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष त्या पोरीचा नाही, तिला कोणी शिकवलेलंच नव्हतं.

आत गेल्यावर मात्र क्रू चांगला होता. सीट खिडकीशीच लावायची, म्हणजे आग वगैरे लागली तर कोणाचा बाहेर पडायचा रस्ता अडत नाही. इमर्जन्सी दरवाज्याच्या रांगेत आणि तिच्या मागच्या पुढच्या रांगेत लावता येत नाही. विमानात गाडीसारखा खांद्यावरून येणारा पट्टा नसतो, फक्त कमरेचा, तो कार सीटच्या खाली पट्ट्यासाठी जो मार्ग असतो त्यातून घ्यायचा, मग गुडघा टेकवून सगळं वजन द्यायचं आणि पट्टा खेचायचा, आणि पट्टा जिथून जातो तिथं धरून हलवून बघायचं, एक इंचापेक्षा कमी हललं पाहिजे. हे काम मी स्वतः केलं. तोंड मागे करून लावली, त्यामुळे पुढच्या सीटची पाठ मागे पडत नाही आणि पुढचा प्रवासी भांडतो, म्हणून आम्ही आधीच ठरवून पुढच्या सीटवर मीच बसलो, सोळा तास सरळ बसलो आणि काही झालं नाही मला.

नात साडेसहा तास सलग झोपली. रोजची तिचीच सीट, तोच वास, तोच पट्टा, तिला वाटलं गाडीतच आहोत. बेल्टचा दिवा चार वेळा लागला, तिला एकदाही उचलावं लागलं नाही. सूनबाईनं पहिल्यांदा विमानात गरम जेवण जेवलं.

एवढं ध्यानात ठेवा, सगळ्या सीट चालत नाहीत. युरोपातल्या बऱ्याच सीटना तीन टोकांचा पट्टा लागतो किंवा आयसोफिक्सचे, म्हणजे गाडीच्या सीटमधेच बसवलेले, हूक, ते विमानात नसतात, तिकडची सीट असेल तर त्यावर विमानात चालते असं लिहिलंय का ते बघा. रुंदी साधारण सोळा इंचाच्या आत असेल तर बहुतेक जागेत बसते. ज्या सीटच्या पट्ट्यात एअरबॅग असते तिथं कार सीट लावू देत नाहीत, म्हणून पुढच्या पुढच्या महागड्या रांगा घेताना विचारून घ्या. आणि बाळ अगदी लहान असेल तर मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकत नाही ना याकडे लक्ष ठेवा, दिवा विझला की मधे मधे काढून हातात घ्या.

कंपन्यांना आणि डीजीसीएला विनंती आहे की तिकीट काढतानाच, वय टाकल्याबरोबर, तिथंच लिहा की कार सीट आणता येते, कोणती चालते, किती रुंद. काउंटरवरच्या पोरांना अर्धा दिवस शिकवा. आणि आठ दहा तासांच्या वरच्या प्रवासाला दोन वर्षाच्या आतल्या बाळाला निम्म्या भाड्यात सीट द्या, म्हणजे त्रेपन्न हजार ज्यांना जमत नाहीत त्यांच्या घरचं बाळसुद्धा बांधलेलं जाईल. इथं पैशावरून बाळाबाळात फरक नको.

डिसेंबरात मुलगा सूनबाई परत जातायत, नात तेव्हा अडीच वर्षांची, तेरा किलोची. तिच्यासाठी तो केअर्स नावाचा पट्टा बघतोय, सीटच्या पाठीला अडकवायचा, दहा ते वीस किलोच्या मुलांसाठी एफएएनं मान्य केलेला, वजनाला अगदी हलका, पर्समधे बसतो. कंपनीला आत्ताच मेल केलाय की चालेल का ते लेखी कळवा, आणि उत्तर आलं की त्याची प्रिंट बोर्डिंग पासबरोबर ठेवायला सांगणार आहे.

आपला,
एक आजोबा, दापोडी